दालमिलमधल्या पोरांचा पगार सरकार देते म्हणे, यात खरं किती?

दालमिलवाली (दारव्हा तालुका)

नमस्कार. दारव्हा तालुक्यात आमची लहानशी दालमिल आहे. सासऱ्यांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल बसवून धंदा सुरू केला होता. ती आता कोपऱ्यात धूळ खात पडली आहे, काम मोठ्या मशीनवर चालते. सूक्ष्म अन्न प्रक्रियावाल्या योजनेतून (पीएमएफएमई) बँकेचं कर्ज काढून सॉर्टेक्स (कॅमेऱ्यानं खराब दाणे वेगळे काढणारं मशीन) घेतलं. ३५ टक्के सबसिडी मंजूर झाली, ती कर्जखात्यालाच जमा झाली. तेव्हा मशीनसाठी सरकार पैसे देते हे मी स्वतः पाहिलं आहे. माणसांसाठी देते का, एवढंच विचारायचं आहे.

आमच्याकडे कायमची माणसं ११. तूर निघाली की जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सात-आठ हमाल वरून लागतात. पीएफ नाही. जीएसटी आणि उद्यम नोंदणी आहे.

खरी अडचण सॉर्टेक्सवर बसणाऱ्या पोराची आहे. लोकांना वाटते बटण दाबलं की मशीन आपोआप निवडते. तसं नाही. काळा दाणा, खडा, साल राहिलेला गोटा (अख्खा दाणा), तुटकी डाळ, हे सगळं कॅमेऱ्याला समजावून सांगावं लागते, आणि दर लॉटला पुन्हा समजावावं लागते. लाल तुरीची सेटिंग वेगळी, पांढरीची वेगळी. तेल-पाणी लावून वाळवलेल्या मालात जरा ओल राहिली की डाळ चमकते आणि मशीन तिला खराब समजून बाहेर फेकते. नवीन पोरगं ते पाहत नाही. चांगली डाळ रिजेक्टच्या पोत्यात जात राहते आणि संध्याकाळी चुनीच्या, म्हणजे ढोरांच्या खाद्याच्या, भावात विकावी लागते. हात बसायला तीन महिने तरी जातात, तोवर नुकसान माझं.

आणि शिकलं की चाललं नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत, नाहीतर थेट पुण्याकडच्या रांजणगावला. मागचे दोघं असेच गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी १३,००० देते, तिकडं १८ मिळतात आणि ओव्हरटाइम वेगळा.

आता झालं असं की मिलवर एक जण फाईल घेऊन आला. म्हणे वहिनी, केंद्राची नवी योजना आहे, माणसामागे महिन्याला ३,००० तुमच्या खात्यात, सलग दोन वर्षं. राज्याची वेगळी, तिच्यात पोराला १०,००० सरकारच देते, तुम्हाला फक्त सही करायची. फाईलचे माणशी १,५०० मागत होता. माणसं कमी पडली तर जाऊबाईचं आणि भाच्याचं नाव टाका म्हणे, कोण पाहते! चहा पाजून वाटी लावला. पण योजना खरी आहे का, असली तर आमच्यासारख्यांना बसते का, हे जाणकारांनी सांगावं. फाईल भरायला मला येते, पीएमएफएमईची पण मीच भरली होती.

चलानवाला (यवतमाळ)

ताई, बाहेर काढलं ते बरं केलं. योजना खरी आहे, त्याचा हिशोब खोटा आहे. मी पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) काम करतो, रोज हेच पाहतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तो म्हणत होता ती प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. केंद्रीय मंत्रिमंडळानं १ जुलै २०२५ ला मंजूर केली, ९९,४४६ कोटींची. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्या नोकऱ्यांना लागू. तिचे दोन भाग आहेत आणि एजंट लोक मुद्दाम त्यांचा काला करतात.

एक भाग कामगाराचा. ज्याचा पीएफ आयुष्यात पहिल्यांदा निघाला, त्याला एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, जास्तीत जास्त १५,०००, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकली तर. दुसरा बारा महिन्यांनी, आणि त्याआधी पैशाच्या व्यवहाराचं एक ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागते. हे पैसे त्याच्या आधारजोड खात्यात जातात. मालकाच्या हाताला लागत नाहीत.

दुसरा भाग मालकाचा. इथं 'माणसामागे ३,०००' हे अर्धसत्य आहे. १०,००० पर्यंत पगार असेल तर १,००० पर्यंत, १०,००० च्या वर २०,००० पर्यंत २,०००, आणि २०,००० च्या वर एक लाखापर्यंत ३,०००. तुमचा पगार १३,०००, म्हणजे तुम्ही २,००० च्या खान्यात. दोन वर्षं, आणि कारखानदारी असेल तर तिसरं-चौथं वर्षसुद्धा. ऐकायला गोड आहे.

आता कडू भाग. पैसे असलेल्या माणसांवर नाहीत, वाढवलेल्या माणसांवर आहेत. वाढ मोजायला एक पाया धरतात. जुन्या आस्थापनेला ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ मधल्या पीएफच्या पटाची सरासरी. तुमचा पीएफच नाही. तुम्ही आज नंबर काढला तर तुम्ही 'नवीन आस्थापना', आणि नवीन आस्थापनेचा पाया २० माणसांचा धरतात. पन्नासच्या आतल्याला पायाच्या वर किमान दोन माणसं वाढवावी लागतात. म्हणजे पटावर २२ झाले की तुमचं खातं उघडणार. अकरावर दमडी नाही.

समजा उद्या २२ झाले, तरी आकडे मांडून पाहा. १३,००० वर मालकाचा पीएफ १२ टक्के, विम्याचा अर्धा आणि प्रशासनाचा अर्धा धरून १३ टक्के, म्हणजे १,६९०. सरकारचे २,००० आले, त्यातले १,६९० पीएफलाच गेले, हातात राहिले ३१०. तेही सहा महिने माणूस टिकल्यावर, पॅनला जोडलेल्या खात्यात. आणि पायातल्या २० जणांचा पीएफ तुमच्या खिशातून जातो तो वेगळाच.

पोराच्या पगारातून पण १,५६० कापले जाणार. ते त्याचेच असतात, व्याजासकट मिळतात, पण महिन्याच्या सात तारखेला हे त्याला पटवून देणं किती अवघड आहे ते मला विचारू नका.

जाऊबाईचं नाव टाकायचा विचार सुद्धा नको. आधार, चेहरा, बँक सगळं जोडलेलं आहे.

दालमिलवाली (दारव्हा तालुका)

भाऊ, इतकं उलगडून कोणी सांगत नाही, आभार. म्हणजे केंद्राचं आमच्यासाठी नाही. जाऊबाईला सांगितलं तर हसत सुटली, म्हणे नुसतं नाव कायले, पगार पण टाक माझा.

एक शंका. हंगामात हमाल धरून आमची माणसं १८-१९ होतात. हे हमाल मोजतात का? ते आमच्या पगारपत्रकावर नाहीत, त्यांचा मुकादम आहे, मी पोत्यामागे पैसे मुकादमाला देते.

चलानवाला (यवतमाळ)

हा प्रश्न एजंटच्या फाईलपेक्षा मोठा आहे, ताई. पीएफचा कायदा २० माणसांवर लागतो आणि ठेकेदारामार्फत आलेला माणूससुद्धा त्यात मोजतात. मुकादमाची माणसं तुमच्याच मिलमध्ये, तुमचाच माल उचलतात, म्हणजे तुमच्यातच धरणार. तुम्ही काठावर उभ्या आहात. तुम्ही १९ म्हणाल आणि तपासणीला येणारा २० मोजेल. एकदा कायदा लागला की हंगाम संपून माणसं १० वर आली म्हणून सुटत नाही, कायमचा लागतो. उशिरा भरलं तर सालाना १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. जानेवारीत हमालांची हजेरी वही व्यवस्थित ठेवा, तारखेवार. ती वहीच कामी येते.

हिंगणघाटचा मुनीम

ताई, चलानवाले भाऊ बराबर सांगून राह्यले. मी जिनिंगमधी मुनीम आहो. आमचा पीएफ पह्यलेपासून आहे, तरी बी ही नवी योजना आमाले झेपून नाही राह्यली. कायले ते सांगतो.

कोरोनाच्या वक्ताची आत्मनिर्भर भारत रोजगार योजना आमाले लय धार्जिण होती. त्यात सप्टेंबर २०२० चा पट पाया धरला होता. आता सप्टेंबरात जिनिंगमधी कोन राह्यते? चौकीदार, फिटर, मी अन् दोन-चार जन. ऑक्टोबरपासून ज्या पोट्ट्यांचे नवे नंबर निघाले ते सगळे वाढीव. १५,००० च्या आत पगार असन तर मजुराचे १२ अन् मालकाचे १२, असे चोवीस टक्के सरकारनं दोन वर्ष भरले. चलान काढलं का रक्कम तिकूनच वळती. मालक खूश, पोट्टे बी खूश, पगार कटतच नव्हता ना.

आता पाया बारा महिन्याच्या सरासरीचा. आमचा हंगामात पट ६० अन् बाकी सात महिने १०, म्हनजे सरासरी जवळपास ३१. हंगामात साठ लावले तर कागदावर २९ वाढीव दिसते. मालक म्हने घ्या मुनीमजी, अठ्ठावन्न हजार महिना. मी म्हनलं थांबा मालक. वाढीव मानूस सहा महिने टिकला पाह्यजे. आमचा कापूस दिवाळीले ओला राह्यते, गाड्यायची खरी लाईन लागते ते नोव्हेंबर सरता सरता. सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी असली तं गेटवर रात्रभर ट्रॅक्टर. एप्रिल लागला का माल आटला, मशीन बंद. झाले पाच महिने.

मंग सहावा महिना पोट्टे नुसते बसवून ठेवाचे का? हिशोब करून पाहा. एका मानसाचे सहा महिन्याचे भेटन १२,०००. अन् रिकाम्या महिन्याचा पगार १३,००० अधिक पीएफ १,६९०, झाले १४,६९०. म्हनजे बारा हजारासाठी साडेचौदाच्या वर घालवाचे. ज्यानं ही अट लिहिली त्यानं जिनिंगचा भोंगा काही आयकला नसन.

कारखाना बारमाही असन तं योजना चांगली आहे, मी नाव नाही ठेवत. पन इदर्भातला धंदा हंगामी. जिनिंग घ्या, दालमिल घ्या, संत्र्याचं ग्रेडिंग घ्या, गोंदियाकडची राईस मिल घ्या. मानूस लागते तेव्हा शंभर, नाही तं दहा.

दालमिलवाली (दारव्हा तालुका)

मुनीमजी, आमची मिल तरी आठ-नऊ महिने चालते, तुमचं अवघड आहे.

राज्याची १०,००० वाली राहिली. ती कोणाला माहीत आहे का?

बीकॉमवाली (पुसद)

ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, सगळे लाडका भाऊ म्हणतात. मी बहीण असून तिच्यात होते.

९ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधरला १०,०००. वय १८ ते ३५. पैसे सरकार थेट पोराच्या किंवा पोरीच्या खात्यात टाकते. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढं पाच महिने वाढवून अकरा केली. एका माणसाला एकदाच. महास्वयं या राज्याच्या पोर्टलवर नोंदणी करायची, आस्थापनेनं मागणी टाकायची, मग जोडी लागते.

पण दीदी, तुम्हाला यात पण अडचण येईल. खाजगी उद्योगाला किमान २० माणसांची अट आहे, शिवाय पीएफ, ईएसआय, जीएसटी अशा नोंदण्या मागतात, आणि उद्योग तीन वर्षं जुना पाहिजे. म्हणूनच आमच्या तालुक्यात माझ्या ओळखीची बहुतेक सगळी पोरं-पोरी शाळा, ग्रामपंचायत नाहीतर सरकारी कार्यालयात लागली. खाजगीत फारसं कोणी नाही, कारण अटीत बसणारा कारखानाच जवळ नाही.

मी एका कार्यालयात आवक-जावक बघत होते. काम शिकायला मिळालं, खोटं बोलणार नाही. फायलीवर टिपणी कशी लिहायची, कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो, हे बीकॉममध्ये कोणी शिकवत नाही. पण हजेरी आस्थापनेनं ऑनलाइन चढवायची असते, आणि आमच्याकडं ज्या साहेबांजवळ लॉगिन होतं ते रजेवर गेले की हजेरी राहायची. हजेरी राहिली की पैसे राहायचे. कधी मालक म्हणून अशा योजनेत आलात तर एवढं एक लक्षात ठेवा, पोरांचा चहा-नाश्ता त्या एका क्लिकवर असतो.

आणि मुदत संपली की संपलं. कायम करा म्हणून राज्यभर प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली, आमच्यातली काही जण नागपूरला जाऊन आली. मी आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि सकाळी ट्यूशन घेते.

बुटीबोरीतला

वहिनी, मी तुमच्या मिलमधून पळालेला नाही, घाबरू नका. मी आर्णीकडचा. ऑइल मिलमध्ये होतो, एक्स्पेलर (तेल काढायचं मशीन) चालवायचो. मालक चांगले होते, आजारी पडलो तर दवाखान्यात घेऊन जायचे. पण पगार हातात, कागद काहीच नाही. बँकेत गाडीचं कर्ज मागायला गेलो तर पगाराची स्लिप मागितली. काय दाखवू?

इथं आलो तेव्हा एचआरनं विचारलं, आधी कुठं पीएफ कटत होता का. म्हटलं नाही. तो लगेच म्हणाला, मग तू नवीन, तुला १५,००० मिळतील सरकारकडून, सहा महिने टिक. इंटरव्ह्यूत एक्स्पेलर चालवला म्हटलं तर लगेच मशीनवर उभं केलं, ट्रेनिंग काही नाही दिलं.

खोली तिघांत घेतली आहे, डब्याचे वेगळे. १८ मधून फार उरतं असं नाही. पण स्लिप आहे.

दालमिलवाली (दारव्हा तालुका)

दादा, तुमचं वाचून माझ्या डोक्यात काय आलं ते लिहिते, कोणी राग मानू नये.

म्हणजे माझ्या मिलमध्ये पोरगं तीन महिने डाळ वाया घालवून शिकते. माझ्याकडं पीएफ नव्हता म्हणून सरकारच्या लेखी ते पोरगं कुठंच काम करत नव्हतं. ते बुटीबोरीला गेलं की 'पहिल्यांदा नोकरीला लागलेला तरुण' झालं, त्याला १५,०००. आणि ज्या कंपनीनं त्याला आयता शिकलेला घेतला, तिची माणसं वाढली म्हणून तिला चार वर्षं महिन्याला २,०००. शिकवायचा खर्च माझा आणि शिकवल्याचं अनुदान तिला!

पोराचं भलं झालं, त्याला स्लिप मिळाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रोजगार वाढवायची योजना आखताना खेड्यातली मिल कुठं धरली आहे? चलानवाले भाऊ, माझं काही चुकत असेल तर सांगा.

चलानवाला (यवतमाळ)

चुकत नाही. फक्त दुसरी बाजू सांगतो. सरकार पैसे देणार तर पुरावा मागणार, आणि आपल्याकडं पुरावा म्हणजे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरलेलं पीएफचं चलान. दुसरा पुरावा आजतरी कोणाजवळ नाही. बिना कागदावर पैसे दिले असते तर तुमच्याकडे आलेला तो एजंट आज बंगल्यात राहिला असता.

तुम्ही २० च्या आत असतानाही पीएफ आपणहून घेऊ शकता. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असले की अर्ज करता येतो. मालकाचा भाग मिळणार नाही हे वर सांगितलंच. पण त्यानंतर नवीन लावलेल्या पोराचा पहिला यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तुमच्याकडं निघेल, आणि त्याचा १३,००० चा लाभ तुमच्याकडं सहा महिने आणि मग वर्ष काढल्यावर त्याला मिळेल. म्हणजे शिकून लगेच पळायच्या ऐवजी वर्षभर थांबायला त्याला एक कारण मिळते. पगारही स्लिपवर दिसेल. वरच्या दादानं जे लिहिलं ते हलकं समजू नका, माझ्याकडं येणारी अर्धी पोरं पीएफपेक्षा स्लिपसाठीच विचारतात.

खर्च मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. एकट्या सॉर्टेक्सवाल्याचा पीएफ काढता येत नाही. प्रत्येकी १३,००० पगार आणि वरचेच १३ टक्के धरले तर ११ जणांचा महिन्याला १८,५९०, वर्षाचे दोन लाख २३ हजार. एक पोरगं टिकावं म्हणून हे करू नका. हमाल धरून २० होणारच असतील आणि आज नाहीतर उद्या लागणारच असेल, तर करा. मी तुमच्या जागी असतो तर एक हंगाम हजेरी वही ठेवून खरी संख्या पाहिली असती आणि मग ठरवलं असतं.

आयटीआय निदेशक (यवतमाळ जिल्हा)

वरची चर्चा वाचली. सगळे पगाराच्या अनुदानावर बोलले. ताईंचा मूळ प्रश्न शिकवण्याच्या खर्चाचा आहे, त्यावर कोणी आलंच नाही. त्यासाठी शिकाऊ उमेदवारी आहे, ॲप्रेंटिसशिप. आणि यात ताई बसतात.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. लोकांना वाटते तो फक्त रेल्वे, एसटी आणि वीज कंपनीसाठी. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. तुम्ही ११, म्हणजे घेऊ शकता. एकूण माणसांच्या १५ टक्क्यांपर्यंत, तेव्हा तुमच्या आकाराला एखादाच. तुम्हाला हवाही एकच आहे.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमात ठरले. दहावी पासला ६,०००, बारावी किंवा आयटीआय पासला ७,०००, पदविकेला ८,०००. यातला २५ टक्के भाग, पण महिन्याला १,५०० च्या वर नाही, केंद्र देते. त्या योजनेला एनएपीएस म्हणतात, २०१६ पासून आहे. आधी मालकानं पूर्ण भरून मागायचं असं होतं, २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. म्हणजे आयटीआय पास पोराला ७,००० ठरवले तर ५,५०० तुमचे, १,५०० सरकारचे.

तुम्ही यापेक्षा जास्त देऊ शकता, कायदा अडवत नाही. आणि मी तर म्हणेन द्याच. ७,००० वर दारव्ह्यात आयटीआयचा पोरगा वर्षभर राहणार नाही. वायरिंगच्या कामाला गेला तर त्याहून जास्त कमावतो. तुम्ही १०,००० दिले तरी सरकारचा वाटा १,५०० राहतोच. शिवाय कायद्याखालचा शिकाऊ पीएफच्या मोजणीत कर्मचारी धरला जात नाही, म्हणून तुमच्या २० च्या काळजीत भर पडत नाही.

सॉर्टेक्ससाठी पोरगं घेताना डाळीचं ज्ञान असलेलं शोधू नका, ते तुम्ही शिकवाल. इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक घ्या. तुमच्या मशीनला कॉम्प्रेसरची हवा लागते ना? निम्म्या वेळा सॉर्टिंग बिघडते ते हवेत पाणी आल्यानं किंवा नोझल चोंदल्यानं, आणि मालक सेटिंग बदलत बसतात. इलेक्ट्रिशियनचं पोरगं आधी हवेतलं पाणी काढणारा ड्रायर बघेल.

पळून जाण्याबद्दल. मुदत संपल्यावर तुम्ही त्याला नोकरी द्यायला बांधील नाही आणि तोही राहायला बांधील नाही. मुदतीत मात्र करार असतो आणि शेवटी परीक्षा, मग राष्ट्रीय प्रमाणपत्र. वर्ष पूर्ण केलं तरच प्रमाणपत्र मिळते, हे पोरांना चांगलं समजते. नोकरीच्या जाहिरातीत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना किंमत असते, त्यासाठी थांबतात.

दालमिलवाली (दारव्हा तालुका)

सर, ड्रायरचं तुम्ही कसं ओळखलं? आमच्याकडं पावसाळ्यात हेच होते. कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, तो नागपूरहून येतो, येण्या-जाण्याचे घेतो आणि नळीतलं पाणी काढून जातो.

मी घरी बोलले. पीएफचं चलानवाले भाऊ म्हणतात तसं हंगामभर हजेरी पाहून ठरवू. शिकाऊ मात्र एक घेतेच, १०,००० ठरवून. मी आस्थापना म्हणून नोंदणी कुठं करायची, आणि पोरगं मी माझ्या ओळखीचं आणलं तर चालते का? आमच्याच गावचं एक आहे, इलेक्ट्रिशियन झालेलं, सध्या मंडपाचं लायटिंग करते.

आयटीआय निदेशक (यवतमाळ जिल्हा)

चालते. ॲप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर आस्थापना म्हणून तुमची आणि उमेदवार म्हणून त्याची, अशा दोन वेगळ्या नोंदण्या. तुम्ही जागा टाकायची, त्यानं तिला अर्ज करायचा, मग करार तयार होतो आणि दोघांनी मान्य करायचा. नोंदणीला फी नाही, कोणी मागितली तर देऊ नका. करार मंजूर होईपर्यंत त्याला मशीनवर लावू नका, कारण सरकारचा वाटा करारातल्या तारखेपासून धरतात. मागच्या तारखेचा करार होत नाही.

त्याचं आयटीआयचं प्रमाणपत्र, दहावीची सनद, आधार आणि पासबुक घेऊन जवळच्या आयटीआयत पाठवा. चारही कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आधी घरीच पाहा. सनदेवर गजानन आणि आधारवर गजू, असं आपल्याकडं फार असते, आणि पैसे तिथंच अडकतात. खातं आधारला जोडलेलं आहे की नाही ते बँकेत विचारून घ्या, पासबुकावर कळत नाही. आमच्याकडं पाठवणार असाल तर दुपारी दोननंतर पाठवा, सकाळी मी वर्कशॉपला असतो.